सामाजिक शास्त्रे आणि डेटा सायन्स एकत्र शिकावे का? (मुलीच्या प्रवेशाबाबत मते हवी आहेत)

पंचगंगाकाठ
नमस्कार. माझी मुलगी यंदा कला शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि मानसशास्त्र यांच्याबरोबर तिने अकरावीला हट्टाने गणितही घेतले होते आणि त्यात तिला चांगले गुण मिळाले आहेत. सामाजिक शास्त्रे आणि डेटा सायन्स एकत्र शिकवणाऱ्या एखाद्या पदवीला प्रवेश घ्यावा, असे आता तिच्या मनात आहे. असे अभ्यासक्रम अलीकडे बऱ्याच ठिकाणी निघाले आहेत. काही ठिकाणी ती एकच संयुक्त पदवी आहे, तर काही ठिकाणी मुख्य विषय अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र आणि दुय्यम विषय डेटा सायन्स अशी मांडणी आहे. आमच्या मेहुण्यांनी माहितीपत्रक वाचून एका वाक्यात निकाल दिला: "एक ना धड, भाराभर चिंध्या." मला तो निकाल घाईचा वाटतो, पण त्यांना उत्तर देण्याइतकी माहितीही माझ्यापाशी नाही. दोन्हींपैकी एकही विषय नीट येत नाही, असे या शिक्षणातून खरोखर होते का? ज्यांनी हे शिकले, शिकवले किंवा अशा मुलामुलींना नोकरीवर घेतले, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शून्यमनस्क
बेरोजगारीची व्याख्या आणि तिचा दर, दोन्ही स्वतःच्या उदाहरणावरून सांगता येतील, हा मोठाच फायदा आहे.

यंत्रमागवाला
शून्यमनस्क यांनी गमतीने लिहिले असले तरी त्यात तथ्य आहे. मी गेली अनेक वर्षे एका सॉफ्टवेअर कंपनीत विदा (डेटा) विश्लेषणाचे काम करतो आणि मुलाखतीही घेतो. माझे स्पष्ट मत असे की आधी संख्याशास्त्र किंवा अभियांत्रिकी पक्की करावी आणि सामाजिक शास्त्रांची आवड वाचनातून जोपासावी. रेषीय बीजगणित आणि संभाव्यता हे विषय विशीत, बाकावर बसून, कोणीतरी वही तपासत असताना शिकावे लागतात. नंतर ते सहसा येत नाहीत. समाजशास्त्राचा ग्रंथ मात्र चाळिशीतही उघडता येतो, किंबहुना तेव्हा तो अधिक समजतो. उलट दिशेने प्रवास केलेली माणसे मी फार कमी पाहिली आहेत.

गणकयंत्र_नको
यंत्रमागवाला यांच्या म्हणण्यातील गणिताचा भाग मान्य आहे. सामाजिक शास्त्रे घरी वाचून येतात, हे मात्र मान्य नाही. मी नमुना सर्वेक्षणाच्या कामात होतो आणि आता निवृत्त आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्याकडचे श्रमशक्ती सर्वेक्षण २०१७-१८ पासून नियमित होते. त्यात घरातील प्रत्येक व्यक्तीच्या नावापुढे ती वर्षभर प्रामुख्याने काय करत होती, याचा दोन आकडी संकेतांक लिहितात. स्वतःचा व्यवसाय असेल तर ११, घरच्या व्यवसायात बिनपगारी मदत करत असेल तर २१, फक्त घरकाम करत असेल तर ९२, आणि घरकामाबरोबर जळण, वैरण, रानभाजी गोळा करणे किंवा घरापुरते शिवणकाम करत असेल तर ९३. आता कोल्हापूरकडच्या एखाद्या घरात जा. अंगणात दोन म्हशी आहेत, पहाटेची धार बाई काढते, दूध संस्थेत घालते, शेण काढते, वैरण कापते. तुम्ही विचारता, "तुम्ही काय काम करता?" ती म्हणते, "मी कुठं काय करते, घरीच असते." ओसरीवर बसलेले तिचे सासरे तेच म्हणतात, आणि दूध संस्थेचे पासबुक नवऱ्याच्या नावावर असते. घाईत असलेला गणक ९२ लिहून पुढच्या घरी जातो. दोन प्रश्न अधिक विचारणारा २१ लिहितो. पहिल्या नोंदीत ही बाई श्रमशक्तीच्या, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या लोकांच्या, बाहेर, दुसऱ्या नोंदीत ती कामगार.

पंधरा वर्षांवरील स्त्रियांच्या श्रमशक्तीतील सहभागाचे प्रमाण या सर्वेक्षणात २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाले. यातील किती वाढ खरोखर नव्या कामाची, किती नाइलाजाने शेताकडे वळलेल्या बायकांची आणि किती अधिक चौकसपणे विचारलेल्या प्रश्नांची, यावर अर्थशास्त्रज्ञांत वाद चालू आहे. तो वाद कोणतेही मॉडेल, म्हणजे आकड्यांवरून अंदाज बांधणारे गणित, आपण होऊन सुरू करणार नाही. ओसरीवर सासरे बसलेले असताना सून काय बोलते, हे ठाऊक असलेला माणूसच तो सुरू करतो.

यंत्रमागवाला
गणकयंत्र_नको, उदाहरण उत्तम आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. तुम्ही सांगता तो गणकाच्या प्रशिक्षणाचा प्रश्न झाला; त्यासाठी तीन-चार वर्षांची पदवी कशाला हवी? शिवाय चुकीच्या वर्गीकरणाचा अंदाज घेण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धती आहेतच. काही घरांत पुन्हा जाऊन तपासणी करावी आणि त्यावरून चूक किती हे काढावे. हे काम संख्याशास्त्रज्ञाचे आहे.

गणकयंत्र_नको
पुन्हा जाऊन तपासणी करणाऱ्यानेही सासऱ्यांनाच विचारले, तर दोन्ही नोंदी जुळतील आणि चूक शून्य निघेल.

सातारकर
या वादाचा इतिहास आपल्याच मातीतला आहे, याकडे लक्ष वेधतो. (साताऱ्याचा उल्लेख येणार आहे, तो टाळता येण्याजोगा नाही.) संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. पीककापणी प्रयोगांवरून त्यांचा आणि दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचा झालेला मतभेद संख्याशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. शेतातील लहान तुकडा कापून त्यावरून उत्पन्नाचा अंदाज बांधावा, की मोठा, हा प्रश्न होता. लहान तुकड्यात कडेवरची रोपे एकूण रोपांच्या मानाने पुष्कळ असतात, ती आत धरायची की बाहेर हे कापणारा ठरवतो, आणि त्याचा कल नकळत आत धरण्याकडे असतो; त्यामुळे उत्पन्न फुगते, असे सुखात्मे यांचे म्हणणे होते. म्हणजे देशातील धान्याचा आकडा शेतात वाकून उभ्या असलेल्या माणसाच्या सवयीवर हलत होता.

पुढे दुसरा वाद पुण्यात झाला. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ही त्यांची कसोटी होती आणि १९६०-६१ च्या किमतींना ती ग्रामीण भागात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी बसवली होती. सुखात्मे यांचा आक्षेप असा की एकाच निरोगी माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलते, त्यामुळे सरासरीखालचा प्रत्येक माणूस कुपोषित धरणे बरोबर नाही. दोघांच्या हातातील आकडे फारसे वेगळे नव्हते. वाद चालला होता तो भूक कशाला म्हणायचे यावर. दांडेकरांना संख्याशास्त्र येत होते आणि सुखात्मे आहारशास्त्रात मुरलेले होते, म्हणूनच तो वाद ऐकण्याजोगा झाला. तेव्हा या जोडविषयाला नवे नाव मिळाले असेल, विषय जुनाच आहे.

शून्यमनस्क
आमच्या घरी सरासरीखालचा प्रत्येक माणूस जेवणाच्या वेळी मात्र सरासरीच्या वर असतो. सुखात्मे यांचे म्हणणे मला पटले.

वसुधा_पुणे
मी महाविद्यालयात अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्राच्या सीमेवरचे विषय शिकवते. पंचगंगाकाठ यांच्या मेहुण्यांना मी पूर्ण चूक म्हणणार नाही, कारण चिंध्यांचे अभ्यासक्रम मी पाहिलेले आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मुख्य आणि दुय्यम विषयांची सोय झाली, आणि काही ठिकाणी संगणक विभागातील दोन विषय व समाजशास्त्र विभागातील चार विषय एका कागदावर आणून त्याला नवे नाव दिले गेले. संगणकाचे शिक्षक फुलांच्या पाकळ्यांच्या मापांवर प्रात्यक्षिक घेतात, समाजशास्त्राचे शिक्षक शेजारच्या वर्गात जातिव्यवस्था शिकवतात, आणि दोघांची गाठ फक्त परीक्षेच्या वेळापत्रकात पडते. अशा ठिकाणी मुलीला पाठवू नका.

ओळखायचे कसे, तर माहितीपत्रकाचे मुखपृष्ठ सोडून अभ्यासक्रमाचा तपशील वाचा. नमुना निवडीचा स्वतंत्र विषय आहे का, हे मी सर्वांत आधी पाहते. आपली मोठी सर्वेक्षणे साध्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या) नमुन्यावर होत नाहीत. आधी गावे किंवा शहरी विभाग निवडले जातात, मग घरे, आणि प्रत्येक घराला एक भारांक मिळतो, म्हणजे ते घर किती घरांच्या वतीने बोलते आहे याचा आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या फाइलमध्ये हा भारांक दशांश चिन्हाशिवाय लिहिलेला असतो आणि त्याला दहा लाखांनी भागावे लागते. केवळ यंत्रशिक्षण (मशीन लर्निंग) शिकून आलेली हुशार मुले हा रकाना निरुपयोगी समजून पहिल्याच दिवशी काढून टाकतात आणि पुढे अचूकतेचे आकडे अभिमानाने दाखवतात.

दुसरे, क्षेत्रकार्य सक्तीचे आहे का, ते पाहा. प्रश्नावली स्वतः लिहून, स्वतः दारोदार जाऊन, नकार ऐकून आलेल्या विद्यार्थ्याला "माहिती उपलब्ध नाही" असा कोरा रकाना वेगळा दिसतो. तिसरे, गणित सौम्य करून शिकवतो असे कोणी सांगितले, तर तेथून उठा. या मुद्द्यावर मी यंत्रमागवाला यांच्याबरोबर आहे.

मँचेस्टर_मुक्काम
ब्रिटनमध्ये हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने आला होता. तेथे समाजशास्त्र, राज्यशास्त्र शिकलेल्या पदवीधरांना आकड्यांची भीती वाटते, ही तक्रार फार जुनी होती. म्हणून २०१३ मध्ये नफील्ड फाउंडेशनने दोन सार्वजनिक निधी संस्थांसह १ कोटी ९५ लाख पौंडांचा 'क्यू-स्टेप' हा कार्यक्रम आखला आणि १५ विद्यापीठांत त्यासाठी केंद्रे उघडली. विशेष असे की त्यांनी संख्याशास्त्राचा एक विषय वाढवून हात झटकले नाहीत. गुन्हेगारी शिकवताना गुन्ह्यांच्या नोंदी आणि निवडणुका शिकवताना मतदारांची सर्वेक्षणे, असे आकडे मूळ विषयांतच आणले, आणि उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना बाहेरच्या संस्थांत कामाला पाठवले. येथील माझ्या परिचयातील काही मुलांनी त्या कामाच्या बळावरच पहिली नोकरी मिळवली. वसुधाताई म्हणतात ती दोन विषयांची गाठ अशी बांधता येते.

टिळक_रोड
सगळे मान्य, पण आज कंपन्यांकडे कोट्यवधी लोकांची माहिती आपोआप जमा होते. ओसरी, सासरे, म्हशी हा सर्वेक्षणांचा जमाना संपत आला, असे नाही का वाटत? उदाहरणार्थ, जातवार माहिती नसेल तर आडनावांवरून अंदाज बांधणारी मॉडेल्स आहेत. एखाद्या आडनावाबाबत ती चुकतील, पण लाखो नावांवर सरासरी बरोबर येईल.

खानदेशी_भरीत
टिळक_रोड, महाराष्ट्रात हे करून पाहाच. जाधव, पवार, मोरे, गायकवाड, शिंदे ही आडनावे किती वेगवेगळ्या जातींत आहेत, हे गावातील कोणीही सांगेल. गावाच्या नावाला 'कर' लावून झालेली आडनावे तर सर्वांचीच. चुका दोन्ही बाजूंना सारख्या विखुरलेल्या असतील तरच सरासरी बरोबर येते. येथे तसे नाही. ज्यांनी जात लपवण्यासाठी किंवा नाकारण्यासाठी आडनाव बदलले, ते सगळे एकाच बाजूचे आहेत. लाखो नावे घेतल्याने ही चूक कमी होत नाही, उलट ती ठामपणे मांडली जाते.

आणि आपोआप जमा होणाऱ्या माहितीचे म्हणाल, तर मी एका स्वयंसेवी संस्थेसाठी सर्वेक्षणांची देखरेख करतो. टॅबलेटवर कोबोटूलबॉक्स या सर्वेक्षणाच्या सॉफ्टवेअरमध्ये उत्तरे भरली जातात आणि प्रत्येक मुलाखतीची वेळ व ठिकाण आपोआप नोंदले जाते. एका तालुक्यात पाऊण तासाची प्रश्नावली सहा-सात मिनिटांत पूर्ण होऊ लागली आणि नकाशावर बारा गावांतील घरे एकाच ठिपक्यावर दिसू लागली. जाऊन पाहिले तर तो ठिपका एसटी स्थानकासमोरच्या चहाच्या हॉटेलाचा होता. हे पकडायला संगणक लागला, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. पण मुलांनी असे का केले, हे विचारल्यावर कळले: शेतीच्या हंगामात दुपारी घरी कोणी नसते, आणि मोबदला मात्र भरलेल्या प्रश्नावलींच्या संख्येवर ठरलेला. आम्ही संध्याकाळची वेळ आणि दिवसाचा मोबदला केल्यावर ठिपके गावोगाव पसरले.

शून्यमनस्क
त्या हॉटेलाचे दारिद्र्यरेषेखालील कुटुंब म्हणून बारा वेळा सर्वेक्षण झाले असणार. मालकाला घरकुल मिळाले का?

डेल्फ्टवासी
खानदेशी_भरीत यांच्या पहिल्या मुद्द्याला येथील एक सार्वजनिक उदाहरण जोडतो. नेदरलँड्समध्ये पालकांना पाळणाघराच्या खर्चासाठी सरकारी भत्ता मिळतो. त्यात फसवणूक कोण करत असेल याचा अंदाज बांधणाऱ्या कर खात्याच्या प्रणालीत अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हा एक निकष होता. हजारो पालकांवर चुकीचा ठपका आला, वर्षानुवर्षांचा भत्ता परत मागितला गेला, अनेक कुटुंबे कर्जात बुडाली. जानेवारी २०२१ मध्ये या प्रकरणावरून संपूर्ण मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि त्याच वर्षाअखेरीस विदा संरक्षण प्राधिकरणाने कर खात्याला साडेसत्तावीस लाख युरोंचा दंड ठोठावला. स्वाक्षरी राहिल्यासारख्या कागदोपत्री त्रुटीलाही फसवणूक मानणारा कठोर नियम आणि संशयितांची यादी करणारे यंत्र एकत्र आले, म्हणून एवढा अनर्थ झाला. कायदा वाचणारे आणि मॉडेल वाचणारे वेगवेगळ्या खोल्यांत बसले की कोणाच्याच हे लक्षात येत नाही.

यंत्रमागवाला
डेल्फ्टवासी यांचे उदाहरण ठाऊक होते. माझा मुद्दा त्याने खोडला जात नाही; चांगला संख्याशास्त्रज्ञही तो निकष काढून टाका म्हणाला असता. मात्र एक गोष्ट नोंदवतो. आमच्या मुलाखतींत उमेदवाराला मी नेहमी विचारतो की हा आकडा कोठून आला असेल. बहुतेक अभियंते त्यावर फाइलचे नाव सांगतात.

तिसरे_वर्ष
मी सध्या अशाच संयुक्त पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून आतली बाजू लिहिते. पहिले वर्ष अवघड गेले. सोमवारी आव्यूह (मॅट्रिक्स) आणि मंगळवारी आंबेडकरांचे जातीविषयक लेखन, अशी उडी मारावी लागते आणि दोन्हीकडचे शिक्षक आपलाच विषय मुख्य असल्यासारखे काम देतात. वर्गातील विज्ञान शाखेच्या मुलांना निबंध लिहिणे जड जात होते आणि आम्हा कला शाखेच्या मुलींना संभाव्यता. दुसऱ्या वर्षी एकमेकांच्या वह्या घेऊन दोन्ही गट सावरले. प्रात्यक्षिके आर आणि पायथॉन या दोन्ही भाषांत होतात. दोन्ही मोफत आहेत, त्यामुळे साधा लॅपटॉप पुरतो.

उणीवही सांगते. आम्हाला दोन्ही विषयांच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षांसाठी वेगळी तयारी करावी लागते. शुद्ध संख्याशास्त्राच्या परीक्षेत आम्ही त्या विषयाच्या पदवीधरांच्या मागेच राहतो. नोकरीच्या बाबतीत मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या आमच्या पदवीचे नाव पाहून गोंधळतात. बाजार संशोधन, सामाजिक प्रकल्पांचे मूल्यमापन, आरोग्य आणि धोरण संशोधन करणाऱ्या संस्था मात्र आपण होऊन बोलावतात. तेथील पगार सॉफ्टवेअरपेक्षा कमी असतो, हे घरी आधी सांगून ठेवावे.

पंचगंगाकाठ
सर्वांचे मनःपूर्वक आभार. धागा मुलीने आणि मेहुण्यांनीही वाचला. मेहुण्यांचे मत बदललेले नाही, परंतु ते आता "वसुधाताईंनी सांगितलेले तीन प्रश्न विचारून घ्या" असे म्हणू लागले आहेत. मुलीचा प्रश्न असा की आधी एकच विषय घेऊन पदव्युत्तर पातळीवर दुसरा जोडला तर चालेल का, आणि त्यासाठी महाराष्ट्रात सोय आहे का? तसेच कला शाखेचे गणित चालते का?

वसुधा_पुणे
गणिताची काळजी नको. महाराष्ट्र बोर्डाचे 'गणित व संख्याशास्त्र' कला आणि विज्ञान शाखांना एकच आहे, पुस्तकही एकच. वाणिज्य शाखेचे वेगळे असते. पात्रतेच्या अटी मात्र त्या त्या संस्थेच्या चालू वर्षाच्या पत्रकातूनच पाहाव्यात.

आधी एक, मग दुसरा हा मार्ग चांगलाच आहे आणि मी बहुतेकांना तोच सुचवते. अर्थशास्त्र मुख्य आणि संख्याशास्त्र दुय्यम घेऊन पदवी करावी. त्यानंतर मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. १९५६ पासूनची ही संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम पाहते आणि तेथे सर्वेक्षण संशोधन व विदा विश्लेषणाची एम.एस्सी. आहे. पुण्यात गोखले संस्था आहेच. पदवीपासूनच जोड हवी असेल, तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने विश्लेषण आणि शाश्वतता अभ्यास यांचा चार वर्षांचा बी.एस. काढला आहे. कोल्हापुरातच राहून शिकायचे असेल, तर मद्रास आयआयटीचा २०२० मध्ये सुरू झालेला डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम पदवीबरोबर करता येतो. बारावीला कोणतीही शाखा चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी लागते, आणि प्रवेशासाठी आधी पात्रता फेरी पार करावी लागते. दोन्ही एकदम करणे दमवणारे आहे. ज्यांचे गणित पक्के त्यांनीच त्या वाटेला जावे.

गणकयंत्र_नको
प्रवेशाला अजून अवधी असेल, तर मुलीला एक काम सुचवतो. श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या कुटुंब व व्यक्तीनिहाय फाइली सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून विनामूल्य मिळतात. २०१७-१८ आणि २०२३-२४ या दोन वर्षांच्या घ्याव्यात, महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रिया वेगळ्या काढाव्यात आणि २१ व ९२ या संकेतांकांचे प्रमाण भारांक लावून पाहावे. फक्त कोल्हापूरचे आकडे काढण्याचा मोह टाळावा. या वर्षांचा नमुना जिल्हा पातळीवरच्या अंदाजासाठी आखलेला नव्हता, तो बदल जानेवारी २०२५ पासून झाला. आकडे निघाले की तिने ते घेऊन शेजारच्या एखाद्या गावात दुपारभर बसावे. या कामात तिला कंटाळा कोठे आला आणि वेळेचे भान कोठे राहिले नाही, हे पाहून विषय ठरवणे माहितीपत्रकापेक्षा सोपे जाईल.

पंचगंगाकाठ
काम काल रात्रीच सुरू झाले. फाइल उतरवली, पण उघडल्यावर एका ओळीत सलग आकडेच आकडे दिसतात, मध्ये स्वल्पविरामही नाही. मेहुणे म्हणतात फाइल खराब आहे.

तिसरे_वर्ष
फाइल ठीक आहे, काकांना सांगा. त्याच पानावर मांडणीची वेगळी एक्सेल फाइल आहे. कितव्या स्थानापासून कितव्या स्थानापर्यंत कोणती माहिती आहे, ते त्यात लिहिलेले असते. आर वापरत असेल तर 'रीडर' पॅकेजने ती स्थाने देऊन वाचता येते. कुटुंबाची आणि व्यक्तींची फाइल वेगळी आहे, हे तिला आधीच सांगून ठेवा. त्या जोडताना अडली तर येथेच विचारू द्या.